वेटिंग १४: खोली करून द्यावी, की एसटीनं ये-जा?

माण तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलीला सातारला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, पण हॉस्टेलच्या यादीत नाव नाही, वेटिंग १४. मेहुणे म्हणतात, गोडोलीत खोली करून द्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. घरच्यांचं म्हणणं, मुलगी डोळ्यासमोर बरी, एसटीचा पास काढा. शेती कोरडवाहू, धाकटा बारावीला. कमी खर्चात काय बसेल, आणि हॉस्टेलात घातली तर तिच्याकडं बघणार कोण?

मी सातारच्या एका मुलींच्या वसतिगृहात एकवीस वर्षं रेक्टर होते. दर जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन कोणी ना कोणी ऑफिसच्या बाकावर बसलेलं असायचं. बहुतेकांच्या हातात पिशवी, पिशवीत झेरॉक्स आणि चेहऱ्यावर आता सगळं संपल्याची कळा. म्हणून सुरुवात वेटिंगपासून करते.

वेटिंग १४ म्हणजे ‘नाही’ नव्हे. बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री, नर्सिंग यांचेही फॉर्म भरलेले असतात. त्यांच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या आपल्या कॉलेजच्या प्रवेशानंतरही चालू राहतात. एकेक फेरी लागली की दोनचार कॉट रिकाम्या होतात. शिवाय पहिल्या पंधरवड्यात घरची आठवण येऊन दोघीतिघी परत जातात. आमच्याकडं गणपतीपर्यंत यादी दहाबारा नंबरांनी सहज खाली यायची, एकदा तर वीसच्याही पुढं गेली होती. तुमच्या हॉस्टेलात किती कॉट आहेत ते मला ठाऊक नाही, तेव्हा हमी देणार नाही. पण खोलीचा अकरा महिन्यांचा करार या आठवड्यात करू नका, एवढं ठामपणे सांगते.

यादी हलली तरी नाव आपोआप लागत नाही. रिकाम्या कॉटसाठी फोन येतो, दोन-तीन दिवसांत पैसे भरून हजर व्हायला सांगतात, नाही आलात तर पुढचा नंबर. एका मुलीला आम्ही तीन दिवस फोन करत होतो. उचलणारा दर वेळी म्हणायचा, “राँग नंबर.” चौथ्या दिवशी कळलं की फॉर्म महा ई-सेवा केंद्रात भरलेला आणि मोबाईलच्या रकान्यात केंद्रवाल्यानं स्वतःचा नंबर टाकलेला. ओटीपी पटकन यावा म्हणून. तोवर कॉट दुसरीला गेली होती. तुमच्या फॉर्मची प्रिंट काढून आधी तो रकाना बघा.

आणि फोनवर विचारत बसू नका. एकदा प्रत्यक्ष या, रेक्टरना भेटा, मुलीला बरोबर आणा. वशिल्यासाठी म्हणत नाही. वशिला लावायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवायची माझी सवय होती. पण समोर बसलेल्या मुलीचं गाव, अंतर, घरची परिस्थिती लक्षात राहते. लांबच्या आणि एसटीची नीट सोय नसलेल्या गावच्या मुलींना प्राधान्य देण्याची मुभा बऱ्याच वसतिगृहांच्या नियमात असते. तो नियम वापरायला रेक्टरना ते गाव माहीत तरी पाहिजे ना!

आता एसटी. खर्चात ती सगळ्यात स्वस्त, यात वादच नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच, पण विद्यार्थ्यांचा मासिक पास त्याहून स्वस्त पडतो, तिथं भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. मुलींचा मोफत पास मात्र बारावीपर्यंतच. तो पुढंही चालेल अशा समजुतीत बरेच पालक असतात. कोरेगावची, मेढ्याची, अगदी वाईची मुलगी असती तर मी म्हटलं असतं, खुशाल ये-जा करू द्या, घरचं जेवण, घरची झोप. पण दहिवडीकडून पुसेगावमार्गे सातारला यायचं म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास, आणि गावापासून स्टँडपर्यंतचं निराळंच. बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल दुपारी असतं आणि ते संपवून पाचला सुटलेली मुलगी घरी पोचेपर्यंत जेवणवेळ उलटते. एक-दोन महिने अंगात जोर असतो तोवर निभतं. पुढं प्रॅक्टिकल बुडतात, मग हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाते, मग परीक्षेचा फॉर्म अडतो. हा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की जानेवारीत कोण येऊन बसणार, हे मला ऑगस्टमध्येच सांगता यायचं. रस्ता एका तासाच्या आतला असेल तर एसटी, त्यापुढं नको, हे माझं मत. घरच्यांना वाईट वाटलं तरी चालेल.

खोलीचं गणित मेहुण्यांनी सांगितलं तेवढं सोपं नाही. भाडं तेवढं सांगतात. त्यावर अनामत, लाइटबिल, गॅस, भांडी आणि दोन वेळचा डबा मांडा. हॉस्टेलची फी वर्षाची असली तरी शैक्षणिक वर्ष संपलं की ती संपते. खोलीचं भाडं मे महिन्यात कुलूप असतानाही चालू असतं. आणि करार रीतसर, नोंदणी केलेला हवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. “आपल्यात कशाला कागद” म्हणणाऱ्या मालकाच्या खोलीत मुलगी ठेवू नका. अनामत परत मागायची वेळ आली की ‘आपल्यात’ संपलेलं असतं.

घ्यायचीच झाली तर पूर्ण खोली न घेता कॉट बेसिसवर घ्या, जिथं आधीच दोघीतिघी कॉलेजच्या मुली राहतात आणि मालकीणबाई खालच्या मजल्यावर आहेत अशा घरात. बघायला संध्याकाळी सातला जा. गल्लीत दिवा आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का, कोपऱ्यावर कोण उभं असतं, हे दुपारी बाराला दिसत नाही. पाणी किती वाजता येतं ते मालकाला न विचारता तिथं राहणाऱ्या मुलींना विचारा. एक गोष्ट मात्र कुठल्याच हिशोबात दिसत नाही. एकटीनं राहणारी मुलगी नीट जेवत नाही. आई समोर नाही, मेसची घंटा नाही. मग चहा-बिस्कीट, मॅगी, आणि “भूकच नव्हती.” खोलीवरून हॉस्टेलात आलेल्या कित्येक मुलींचं हिमोग्लोबिन आमच्या तपासणी शिबिरात आठाच्या आसपास निघायचं.

तर यादी हलेपर्यंत तीन-चार आठवड्यांची तात्पुरती सोय करा. महिन्याच्या बोलीवर कॉट मिळते, सदर बझार, शाहूपुरी, करंजे, सगळीकडं. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं ठेवा, पण महिनाभरच, आणि जाताना शेंगा-ज्वारी घेऊन जा. महिन्यापुढं नात्यातही हिशोब सुरू होतो. बोललं जात नाही, एवढंच.

पैशाकडं येते. तुम्ही प्रवर्ग लिहिला नाही, म्हणून सगळंच थोडं थोडं सांगते. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल तर समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाला अर्ज आधी करा. तिथं राहणं-जेवण मोफत. तिथं जागा नाही मिळाली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सातारसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला भोजनाचे २५,००० , निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,००० असे ४३,००० रुपये खात्यात येतात. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, गुणांची आणि हजेरीची अट, आणि कॉलेज आहे त्या शहराची मुलगी रहिवासी नसावी. मेख अशी की शासकीय वसतिगृहाला अर्जच केला नसेल तर स्वाधारचा रस्ता बंद. “आम्हाला तिथं ठेवायचंच नव्हतं” म्हणून अर्ज न करणारे दर वर्षी भेटायचे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहे, फक्त जिल्ह्याला जागा ठरलेल्या असतात.

खुल्या प्रवर्गात असाल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा, उत्पन्न मर्यादा आठ लाख. ती महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरायची. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारकांच्या मुलांना मिळतो, म्हणून तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बी.एस्सी.ला नाही. तसंच ‘मुलींना शिक्षण मोफत’ हे. २०२४ पासूनची शंभर टक्के शुल्कमाफी हीदेखील व्यावसायिक अभ्यासक्रमांची, आणि तिथंही हॉस्टेल-मेस त्यात धरलेलं नाही. टीव्हीवर बातमी अर्धीच ऐकून फी न आणता आलेले पालक मी पाहिलेत. बिचाऱ्यांना माझ्याशी भांडावं लागलं, मला त्यांच्याशी.

या आठवड्यात दोन कामं करा. तहसीलमधून उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला, आणि मुलीच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं. बँक ‘लिंक आहे’ म्हणते तेव्हा केवायसीला, म्हणजे नुसत्या ओळखीला लिंक आहे, की डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, हे स्पष्ट विचारा. दोन्ही वेगळं आहे. आमच्या एका मुलीची शिष्यवृत्ती दोन वर्षं मंजूर होत राहिली आणि पैसे तिच्या आठवीत शाळेनं काढलेल्या, बंद पडलेल्या खात्याकडं जात राहिले. आधार त्याच खात्याला चिकटलेलं होतं. मोबाईलवर आधारच्या साइटवरच कुठली बँक जोडलीय ते दिसतं, पाच मिनिटांचं काम. आणि कुठलीही शिष्यवृत्ती वेळेवर येईल असं धरून घरचं गणित बसवू नका. पहिल्या वर्षाचा मेसचा खर्च हातात असायला हवा.

मेसमध्ये एक शब्द मुलीला पहिल्या दिवशी शिकवा: खाडा. सुटीला घरी जाताना आधी लिहून दिलं तर तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात. किती दिवस आधी लिहायचं आणि कमीत कमी किती दिवसांचा खाडा धरतात, हे प्रत्येक मेसचं वेगळं. न लिहिता गेलेल्या मुली वर्षाला दीड-दोन महिन्यांच्या न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरतात.

आणि ‘कमवा व शिका’. ही योजना आता खूप ठिकाणी आहे, पण सातारच्या मातीत ती आधी वसतिगृहात उगवली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती सातारला आणली आणि सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत जेवतील असं बोर्डिंग चालवलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. पोरं लाकडं फोडायची, शेतात राबायची, स्वयंपाक करायची आणि शिकायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे सातारमध्ये प्रत्येकाला पाठ आहे. छत्रपती शिवाजी कॉलेज त्यानंतर, १९४७ चं. म्हणजे आपल्याकडं कॉलेजला हॉस्टेल जोडलं गेलं असं नाही, हॉस्टेलला पुढं कॉलेज आलं. तुम्ही ‘हॉस्टेल म्हणजे फक्त कॉट’ समजून खोलीशी तुलना करताय, म्हणून हे सांगितलं.

आज त्या योजनेत लाकडं फोडावी लागत नाहीत. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात नोंदी, प्रयोगशाळेत मदत, बागकाम, असं दिवसाला दोन-तीन तासांचं काम आणि तासावर मोबदला. त्यात मेसचं पूर्ण बिल निघत नाही, वरखर्च निघतो. पहिल्या सत्रात घालू नका, आधी अभ्यासाची लय लागू द्या. दुसऱ्या सत्रात मुलगी स्वतः विचारेल, तेव्हा “लोक काय म्हणतील” तेवढं म्हणू नका. आमच्या ग्रंथालयात काम करणारी एक मुलगी तीन वर्षांत सगळ्या विभागांच्या शिक्षकांना नावानं ओळखायला लागली. एम.एस्सी.च्या प्रवेशाला शिफारसपत्र लागलं तर तिला कोणाकडं जायचं हा प्रश्नच नव्हता.

बघणार कोण? खरं उत्तर: रेक्टर रोज बघू शकत नाही. दीडशे मुलींमागं एक रेक्टर, एक अधीक्षिका, रात्रीची एक मावशी आणि गेटवर वॉचमन. रात्रीची हजेरी, गेटचं रजिस्टर, घरी जाताना पालकांना फोन करून दिलेला आउटपास, हे सगळं असतं. पण मुलीकडं खरं बघते तिची रूम पार्टनर. म्हणून पहिल्या महिन्यात मी खोल्या बदलून द्यायला कधी नाही म्हटलं नाही. पुढं मात्र नाहीच म्हणायची.

नियमांबद्दल एक कबुली देते. मुलींचं गेट साडेसातला बंद आणि मुलांचं दहापर्यंत उघडं, हे मी एकवीस वर्षं राबवलं आणि एकदाही मला ते पटलं नाही. अभ्यासिका रात्री मोकळी असायची, पण आमच्या मुली तिथून साडेसातला पळत यायच्या. शेवटी आम्ही आमचाच जेवणाचा हॉल रात्री अकरापर्यंत अभ्यासाला उघडा ठेवला. तुमच्या हॉस्टेलात अशी सोय आहे का ते विचारा. ‘शिस्त कडक आहे ना?’ हे विचारायची गरज नाही, ती असतेच.

रॅगिंगची धास्ती बहुतेक आया बोलून दाखवतात. राज्याचा कायदा १९९९ चा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश नाही. त्यावर २००९ चे यूजीसीचे नियम, त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या भागात ठेवायला सांगितलंय. चोवीस तासांचा फोन १८००-१८०-५५२२, नाव न सांगताही तक्रार करता येते. आमच्याकडं मारहाण कधी झाली नाही. झालं ते बारीक होतं: ‘गाववाली’ म्हणून भाषेची नक्कल, पाण्याची बादली आधी सिनिअरची, त्यांची कपडे-भांडी. मुली ते सांगत नाहीत, कारण त्यांना ते रॅगिंग वाटतच नाही. तेही त्यातच येतं, एवढं मुलीला घरातून सांगून पाठवा. लैंगिक त्रासाची तक्रार असेल तर कॉलेजात अंतर्गत समिती असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. समितीवर कोण आहे त्याचा फलक कॉलेजात लावलेला असला पाहिजे.

मला सगळ्यात जास्त काळजी तिसऱ्या आठवड्याची असायची. पहिला आठवडा नवलाईत जातो, दुसरा धावपळीत. तिसऱ्यात व्हरांड्यात फोन कानाला लावून रडणाऱ्या मुली दिसतात. त्यातच सातारचा पाऊस. तुमच्याकडं टँकरची वाट बघत वाढलेल्या मुलीला सुरुवातीला गंमत वाटते, मग पंधरा दिवस कपडे वाळत नाहीत, अजिंक्यतारा ढगात गेलेला, आणि मेसमध्ये रोज चपाती. एक मुलगी आठवडाभर जेमतेम जेवत होती. आजारी असेल म्हणून डॉक्टर झाले, समुपदेशन झालं. मावशीनं एका रात्री तिला आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला, तर तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग हसली. त्यानंतर मेस कमिटीकडून आठवड्यातून दोनदा भाकरी ठरवून घेतली. सगळंच भाकरीनं बरं होत नाही, हेही सांगते. रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, वर्गात जाणंच बंद झालं असेल, तर वाट न बघता कॉलेजच्या समुपदेशकांना भेटवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

त्या तिसऱ्या आठवड्यात मुलगी म्हणेल, “दादा, मला न्यायला या.” या. पण न्यायला नको, भेटायला या. दुपारी बाहेर जेवा, पोवई नाक्यावर फिरवून आणा, आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत जा. घरी नेलीत तर पहिल्या महिन्यात परत येणं अवघड जातं. दिवसाला दहा फोनही नकोत. रात्री जेवणानंतरचा एक ठरवा.

सामानात सोनं नको, भारी मोबाईल नको. कुलपाची पत्र्याची पेटी, दोन टॉवेल, छत्रीबरोबर रेनकोटही, गादीवर घालायला प्लॅस्टिक, शेंगदाण्याची चटणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्लॅस्टिकच्या बरणीत मुंग्या दुसऱ्या दिवशी पोचतात.

हॉस्टेल बघायला याल तेव्हा सकाळी सातला या, बाथरूमपुढची रांग दिसेल. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर शेवटचा कधी साफ केला त्याची तारीख भिंतीवर आहे का बघा. मेसमध्ये पैसे देऊन एकदा जेवा. रेक्टरना भेटून वेटिंगच्या रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढं मोबाईल नंबर स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, आणि खाली दुसरा नंबर मुलीच्या आईचा लिहून या.